घाबरू नका सांगणारी गाडी

पालिकेत गाडी चालवणारी ती एकटीच बाई होती, त्यामुळे तिला नाव असण्याची गरज कोणाला वाटली नाही. ऑफिसात ती 'गाडीवाली' होती, रस्त्यावर 'गाडीवाली मावशी', आणि घरी तिची नणंद तिला लाडात असली की 'आमचा ड्रायव्हर' म्हणायची. रागात असली तरी 'आमचा ड्रायव्हर'च म्हणायची. जोर 'आमचा'वर आहे की 'ड्रायव्हर'वर, यावरून दिवस कसा जाणार ते कळायचं.

गाडी रस्त्यावरच्या दिव्यांची होती. टपावर शिडी, मागे दोन वायरमन, आणि पुढे ही. जिथे सायकल वळवताना माणसं पाय टेकतात अशा बोळात ती गाडी उलटी घालायची आणि पत्र्यावर ओरखडा न आणता बाहेर काढायची. बोलायची कमी. घरात बोलण्याचा सगळा कोटा नवरा आणि नणंद संपवून टाकत, त्यामुळे हिला सवयच राहिली नव्हती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. राहतं घर वर, दुकान खाली. सगळी गल्ली त्याला घड्याळजी म्हणायची. माणूस सरळ, इतका की त्याच्याशी खोटं बोलताना लोकांना उगाच लाज वाटायची. त्याला दोन गोष्टींचं वेड होतं: जुनी चावीची घड्याळं आणि देशाचे प्रमुख. एकदा प्रमुखांची मिरवणूक समोरच्या हमरस्त्यावरून गेली होती, आणि उघड्या मोटारीतून त्यांनी हात केला होता. घड्याळजीच्या मते तो हात त्याच्याकडेच बघून केला होता.

"तुझ्याकडे बघून नाही रे," अक्का म्हणायची. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, हिची नणंद. "तुझ्या मागे टीव्हीचा कॅमेरा होता."

"माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं त्यांनी."

"गॉगल होता की त्यांना."

"गॉगलमधून बघितलं."

मग साथ आली. शाळा, बाजार, दुकानं, सगळं एका संध्याकाळी प्रमुखांनी टीव्हीवर येऊन बंद करून टाकलं. घड्याळजीने शटर ओढलं, कुलूप घातलं, आणि आतली घड्याळं एकेक करून चावी संपेल तशी बंद पडत गेली. वर बसून तो ती ऐकायचा. "कोपऱ्यातलं थांबलं बघ," असं जेवता जेवता म्हणायचा. घर आता फक्त हिच्या पगारावर चालत होतं, आणि हिची नोकरी हंगामी. दर वर्षी एक सही व्हायची, तेव्हा पुढचं वर्ष मिळायचं. ती सही यंदा अजून झालेली नव्हती. ही भीती तिने घरात बोलून दाखवली नाही, पण या सहीचा विचार भांडी घासताना, गियर टाकताना, सतत तिच्याबरोबर असायचा.

एक दिवस गाडीवरची शिडी उतरवली आणि तिथे दोन कर्णे बसवले. पालिकेचा माहिती अधिकारी खाली उभा राहून बघत होता. वयाने तरुण, पण रोज वरून येणारे आदेश वाचून वाचून चेहरा प्रौढ झालेला.

"ताई, प्रमुखांचा संदेश आहे. स्वतःच्या आवाजात. गाडी फिरवायची, संदेश वाजवायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून."

"वायरमन?"

"त्यांचं काय काम? तुम्ही एकट्या. म्हणजे तुम्ही आणि प्रमुख."

संदेश मोठा होता. सुरुवातीला 'नागरिकहो, घाबरू नका.' मग औषधांचा साठा भरपूर आहे. प्रत्येक रुग्णासाठी खाट तयार आहे. छोट्या दुकानदारांसाठी मदत निघाली आहे आणि ती त्यांच्या दारात पोहोचत आहे. तुमच्यासाठी मी रात्रंदिवस जागा आहे. आणि शेवटी, आवाज जरा चढवून, 'रोग दमला आहे, आपण दमलेलो नाही.' यानंतर थोडं बँडचं संगीत, आणि पुन्हा नागरिकहो.

पहिले काही दिवस ती सरळ मनाने गाडी फिरवत होती. जे झालं ते एका मांजरामुळे. बाजाररस्त्यावर मांजर आडवं आलं, हिने ब्रेक दाबला, आणि गाडी नेमकी औषधांच्या दुकानापुढे थांबली. दुकानाची मालकीण दारात स्टूल टाकून बसली होती. मागची कपाटं रिकामी, काचेवर पुठ्ठा: 'तापाची गोळी नाही. खोकल्याचं नाही. विचारू नये.' आणि वरून प्रमुख म्हणाले, "औषधांचा साठा भरपूर आहे."

औषधवाल्या बाईंनी आधी कर्ण्याकडे बघितलं. मग उठून शांतपणे मागे वळल्या, आणि दोन्ही हात पसरून आपली रिकामी कपाटं सगळ्या रस्त्याला दाखवली, साड्या दाखवतात तशी. वरच्या गॅलरीत कोणी तरी फिसकन हसलं. मग शेजारच्या. मग समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ असे हसले की त्यांना खोकला आला, आणि सगळ्यांनी पटापट खिडक्या लावून घेतल्या.

कित्येक दिवसांत त्या रस्त्यावर हसू ऐकू आलं नव्हतं. ती दिवसभर गाडी चालवत राहिली, पण तिच्या गालाच्या आत काही तरी गुदगुल्या करत होतं.

दुसऱ्या दिवशी मांजर नव्हतं. तरी ती तिथेच थांबली.

त्यानंतर मात्र तिला ते जमायलाच लागलं. ती काही बोलत नव्हती, संदेशातलं एक अक्षर पुढेमागे करत नव्हती. फक्त कुठे दुसऱ्या गियरमध्ये जायचं आणि कुठे जरा पळवायची, एवढंच. सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी लोक फुटपाथवर ताटकळत असायचे. कोणी घरून घडीची खाट आणली होती, कोणी आरामखुर्ची. एकाने तर हातगाडीवर गादीसकट पलंग आणला होता आणि त्यावर त्याची आई उशीला टेकून बसली होती. तिथे गाडी पोहोचली की प्रमुख म्हणायचे, "प्रत्येक रुग्णासाठी खाट तयार आहे." पलंगावरची आई म्हणाली, "तयार आहे हो, माझ्या लग्नातली आहे." फाटकाशी उभी असलेली माणसं ऑक्सिजनच्या काळजीतही हसली.

चौकात प्रमुखांचा मोठा फ्लेक्स होता. उन्हाने वरची दोरी सैल होऊन कापड मधे लोंबलं होतं, त्यामुळे प्रमुखांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या दिसत. तिथे ती 'मी रात्रंदिवस जागा आहे' घेऊन यायची. चौकातला पोलीस ते वाक्य यायच्या वेळी पाठ फिरवून उभा राहायला लागला. त्याचे खांदे हलताना मागून दिसत.

लोक गाडीची वाट बघायला लागले. गॅलऱ्यांत खुर्च्या आल्या. काहींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तिची स्वतःची गल्ली फेरीत मागाहून आली; तिथे मात्र ती पहिल्या दिवसापासून गाडी पळवायची. घड्याळजी तिथे गॅलरीत हात जोडून उभा असायचा, दाढी केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. त्याच्या त्या चेहऱ्यासमोर तिला हे करवत नव्हतं. शिवाय त्याच्या शेजारी अक्का उभी असायची, आणि अक्काच्या नजरेतून काही सुटत नसे. म्हणून 'नागरिकहो, घाबरू नका' एवढं ऐकू येईपर्यंत गाडी कोपऱ्यावरून गायब झालेली असायची.

घड्याळजीला याचं वाईट वाटलं. पण बायकोला त्याने काही म्हटलं नाही. सरकारी कामात घरचं नातं आणायचं नाही, असं त्याचं तत्त्व होतं. त्याने प्रमुखांच्या हेल्पलाइनला फोन लावला. घरात एकच चांगला फोन होता आणि त्याचा आवाज फक्त स्पीकरवर यायचा, त्यामुळे अक्कानेही सगळं ऐकलं.

"नमस्कार. आमच्या गल्लीत प्रमुखांचा संदेश अपुरा ऐकू येतो," तो म्हणाला. "गाडी फार वेगात जाते. बाकीच्या रस्त्यांवर गाडी कशी सावकाश जाते, लोक खुर्च्या टाकून बसतात, ऐकून टाळ्या वाजवतात, पोट धरून हसतात. मग आमच्याच गल्लीवर अन्याय का?"

पलीकडच्या मुलीने जरा थांबून विचारलं, "हसतात म्हणजे?"

"आनंदाने," घड्याळजी म्हणाला.

अक्काने कपाळाला हात लावला, पण तोवर उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माहिती अधिकारी गाडीपाशी येऊन उभा. हातात वरून आलेला कागद. तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आज मी बरोबर येतो. वरून विचारणा आहे. संदेश ऐकून लोक हसतात का, आणि का हसतात."

"कोणी सांगितलं?"

"नाव गुप्त असतं." मग गाडीत बसून पट्टा लावताना त्याने हळूच म्हटलं, "तुमच्याच गल्लीतलं कोणी तरी आहे. घड्याळांचं दुकान आहे म्हणे."

तिने चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण तिचा पाय क्लचवर तसाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. इंजिन थंड आहे."

बाहेर चांगलं ऊन होतं.

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं: एकाच वेगाने जायचं, कुठे थांबायचं नाही, कुठे पळवायचं नाही. नोकरीपुढे गंमत कसली. ती बाजाररस्त्याने निघाली. औषधांच्या दुकानापुढून झर्रकन गेली, प्रमुख तेव्हा 'घाबरू नका'वरच होते. तिने सुटकेचा श्वास सोडला. औषधांचा साठा भरपूर आहे, हे वाक्य पुढे गेल्यावर आलं, आणि ते आलं दुसऱ्या औषधांच्या दुकानापुढे, जिथे मालकाने दाराला चक्क फळी ठोकली होती. फळीखाली उभे असलेले दोघे हसले. खाटेचं वाक्य दवाखाना टाळून आलं, पण आलं खाजगी इस्पितळाच्या मागच्या दारी, जिथे एक कंपाउंडर कोणाला तरी हात हलवून 'नाही, नाही' सांगत होता. आणि सावकाश जाऊ नये म्हणून ती वळणावर जोरात गेली तर 'रात्रंदिवस जागा आहे' हे वाक्य पालिकेच्या तक्रार खिडकीपुढे आलं. खिडकी बंद होती.

अधिकाऱ्याने त्या खिडकीकडे मान वळवून बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही मुद्दाम करता?"

"आज नाही."

'आज' या शब्दाकडे त्याने दुर्लक्ष केलं. तो हुशार होता, आणि त्याला वरच्या कागदाचं उत्तर द्यायचं होतं. "थांबा. मी सांगतो तसं जाऊ. नकाशा माझ्याकडे आहे." त्याने नकाशा मांडीवर पसरला. औषधांचं वाक्य कुठे वाजवावं? दुकान नसलेल्या रस्त्यावर. त्या रस्त्यावर एक बाई खिडकीतून डोकावून शेजारणीला ओरडून विचारत होती, तुझ्याकडे तापाची एखादी गोळी उरली आहे का. खाटेचं वाक्य त्याने नदीकाठच्या बागेसाठी राखून ठेवलं. बागेत कोणी नसणार. बागेच्या बाकांवर, इस्पितळात जागा न मिळालेल्या माणसांचे नातेवाईक चादरी टाकून झोपले होते. त्यातला एक उठून बसला, संदेश ऐकला, आणि शेजारच्याला उठवून म्हणाला, "ऊठ, खाट तयार झाली."

अधिकाऱ्याने नकाशा घडी करून ठेवला. मग त्याने विचारलं, "या गावात असा एकही रस्ता नाही का, जिथे हा संदेश नुसता वाजेल?"

"आमची गल्ली आहे," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "तिथे एक माणूस हात जोडून ऐकतो."

"चला तिथेच. निदान एका ठिकाणी तरी नीट झालं असं लिहिता येईल. आणि सावकाश घ्या, तक्रारही त्याच गल्लीची आहे."

तिने एकदा आरशात मागचा रस्ता बघितला. पण आदेश होता. ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गल्लीत शिरली. घड्याळजी गॅलरीत आला, हात जोडले, आणि गाडी सावकाश येते आहे हे बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने अक्काला कोपराने ढोसलं. बघ, एका फोनवर झालं. आजवर त्याने घाबरू नका एवढंच ऐकलं होतं; पुढचं सगळं त्याला नवं होतं. औषधांचं ऐकून त्याने मान डोलावली. खाटेचं ऐकून डोलावली. गाडी बरोबर त्याच्या दुकानाच्या शटरपुढे आली, आणि प्रमुख म्हणाले, "छोट्या दुकानदारांसाठी मदत निघाली आहे आणि ती त्यांच्या दारात पोहोचत आहे."

घड्याळजीने मान डोलावली. मग मान थांबली. तो गॅलरीच्या कठड्यावरून वाकला आणि आपल्या दाराकडे बघायला लागला. शटरच्या डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं. पायरीवर वाळलेली पानं होती.

"कुठे आहे?" त्याने खाली विचारलं. मोठ्याने, अगदी सरळपणे, जसं पोस्टमनला विचारतात.

सगळी गल्ली हसली. अक्का कठड्याला धरून खाली बसली. घड्याळजीला कळेना कोणाला काय झालं.

"तुमचे हे?" अधिकाऱ्याने विचारलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसल्या असाव्यात.

"हो."

"तक्रार यांनीच केली?"

"यांनीच."

त्याने तोंडाला रुमाल लावला. रुमालामागे काय चाललं होतं ते तिला दिसलं नाही, पण चौकातल्या पोलिसाचे खांदे हलायचे तसेच याचेही हलत होते. मग तो गंभीर झाला. "अहवालात काय लिहू? का हसतात?"

"माझी नोकरी जाणार नाही असं काही तरी लिहा साहेब. घर त्यावर आहे. दुकानाचं तर तुम्ही बघितलंच."

त्याने लिहिलं की चालक आदेशाप्रमाणे वाहन चालवतात, आणि येथील नागरिक स्वभावतः आनंदी आहेत. वर हे वाचून कोणाला तरी फार बरं वाटलं असणार, कारण पुढे काही विचारणा आली नाही.

हे एवढ्यावर मिटलं असतं, पण घड्याळजीचं डोकं बिघडलेल्या घड्याळात अडकावं तसं त्या वाक्यात अडकलं. त्याने पुन्हा हेल्पलाइनला फोन केला. अक्काने गॅलरीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"नमस्कार. माझी तक्रार नाही," तो म्हणाला. "उलट आभार. मदत निघाली आहे असं प्रमुखांनी सांगितलं. ती वाटेत कुठे आहे, एवढंच विचारायचं होतं. आमची गल्ली जरा सापडायला अवघड आहे. पत्ता चुकला असेल तर मी कोपऱ्यावर येऊन उभा राहतो."

मुलीने चौकशी करून सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. ती त्याला काका म्हणायला लागली. "काका, अजून काही कळलं नाही." "काही हरकत नाही, तुम्ही जेवलात का?" गल्लीने हे ऐकलं. गल्लीतून बाजाररस्त्यावर गेलं. औषधवाल्या बाईंनी फोन लावून अत्यंत नम्रपणे विचारलं की भरपूर साठा कोणत्या गोदामात आहे, मी रिक्षा घेऊन येते. हातगाडीवरच्या पलंगाच्या मालकाने विचारलं की तयार खाट नेमकी कोणत्या मजल्यावर आहे, म्हणजे आमचा पलंग घरी नेता येईल. कोणी चिडलं नाही, कोणी टोमणा मारला नाही, सगळ्यांनी सुरुवातीला आभार मानले. आभार मानणाऱ्या माणसांवर कारवाई कशी करावी याचा नियम वरच्या ऑफिसात सापडला नाही.

मग संदेश बदलला. नवा आला त्यात छोट्या दुकानदारांचं वाक्य नव्हतं. आठवडाभराने आला त्यात खाट नव्हती. त्याच्या पुढच्यात औषधं गेली. रोग दमला आहे हे काढून टाकलं, कारण तोवर तो टीव्हीवरच्या आकड्यांत चांगला ताजातवाना दिसत होता. प्रत्येक वेळी अधिकारी ध्वनिमुद्रणाची नवी पट्टी घेऊन यायचा आणि बँड जरा लांबवलेला असायचा.

"असंच चाललं तर संदेश संपेल," तो तिला म्हणाला. "आणि संदेश संपला की गाडी कशाला, आणि गाडी नाही तर चालक कशाला, असं वर विचारतील. तुमचा कागद माझ्याकडे तसाच पडला आहे. गाडी आता माझ्या खात्याची, म्हणून सही माझी, पण वरून हो आल्याशिवाय करता येत नाही."

ती घरी गेली. घड्याळजी फोनपाशी बसला होता. तिने हात धुतले, पाण्याचा तांब्या भरला, तो त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "अहो, ते फोन करणं बंद करा."

"का? मी तक्रार थोडीच करतो."

"तक्रार केली असती तर परवडलं असतं." आणि मग, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल, ती त्या घरात सलग बोलली. मांजराचं सांगितलं, औषधवाल्या बाईंचं, फ्लेक्सच्या पापण्यांचं. लोक का हसतात ते सांगितलं. आपल्या गल्लीत गाडी का पळवत होते तेही सांगितलं. अक्का एकदाही मधे बोलली नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

घड्याळजीने तांब्या बाजूला सरकवला. "म्हणजे त्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "गोळी नाही, खाट नाही, हे त्यांना माहीत असताना ते बोलले."

"माहीत नसेल तर आणखी वाईट," अक्का म्हणाली. न राहवून.

"मला वाटलं कोणी तरी त्यांना सांगत नाही. म्हणून मी सांगत होतो."

त्याने फोन उचलला. हिने हात पुढे केला, पण त्याने तो हळूच बाजूला केला. "शेवटचा." आणि त्या मुलीला तो म्हणाला, "बाळ, काका बोलतोय. एक निरोप दे. वाक्यं काढू नका म्हणावं. वाक्यं चांगली होती. ती परत घाला, फक्त आधी खरी करा." मग तिच्या घरच्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

वाक्यं परत आली नाहीत. पुढच्या सोमवारी जी पट्टी आली तीत फक्त दोन गोष्टी होत्या: 'नागरिकहो, घाबरू नका' आणि बँड.

ती गाडी घेऊन निघाली. आणि या वेळी कोणी हसलं नाही. इतके दिवस निदान औषधं, खाटा, मदत, असं काही तरी ऐकू यायचं. खोटं का होईना, त्यावर बोलता तरी यायचं. आता एक आवाज यायचा, घाबरू नका म्हणायचा आणि निघून जायचा. लोक खरोखरच घाबरले. काय झालं आहे, काय लपवत आहेत, असं विचारत दुपारपर्यंत पालिकेच्या दारात गर्दी जमली. मुख्याधिकारी मागच्या दाराने गेले. उरला माहिती अधिकारी. तो पायऱ्यांवर आला, गर्दी बघितली, आणि गर्दीपलीकडे उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं.

तो पुढच्या सीटवर येऊन बसला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "ही पट्टी बंद करा. माइक चालतो का?"

"चालतो. पण वरून परवानगी?"

"विचारली तर नाही म्हणतील. म्हणून विचारलेली नाही." त्याने खिशातून एक चुरगळलेला कागद काढला आणि तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा. तुमची सही अजून झालेली नाही. मी दुसरा चालक बघतो."

तिने आरसा नीट केला. "या गाडीचं रिव्हर्स दुसऱ्या कोणाला जमत नाही," ती म्हणाली.

गाडी निघाल्यावर त्याने बॅगेतून तिचा तो अडकलेला कागद काढला, मांडीवर ठेवला आणि सही केली. गाडी गचका खात होती त्यामुळे सही वाकडी आली. "उद्या मला काढलं तर निदान हे तरी राहील," तो म्हणाला. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. हलवली असती तर गाडी दुभाजकावर गेली असती.

बाजाररस्त्यावर तिने गाडी थांबवली. त्याने माइकमध्ये फुंकर मारली. "मी पालिकेतून बोलतोय. या दुकानात तापाची गोळी नाही. खोकल्याचं औषध नाही. सरकारी दवाखान्यात आज खाट रिकामी नाही. गोळ्या उद्या दुपारी येण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणजे खात्री नाही." त्याचा आवाज थरथरत होता आणि प्रमुखांच्या आवाजाच्या निम्मासुद्धा नव्हता. लोक खिडक्यांतून बाहेर वाकले. कोणी तरी खाली आलं, कोणी तरी पेन शोधायला आत गेलं.

औषधवाल्या बाई स्टुलावरून उठल्या आणि रस्ता ओलांडून गाडीच्या खिडकीशी आल्या. "दुपारी नाही, साहेब. टेंपोवाल्याचा आत्ताच फोन आला. संध्याकाळी."

अधिकाऱ्याने माइक पुन्हा तोंडाशी धरला. "दुरुस्ती," तो म्हणाला. "दुपारी म्हणालो ते चुकलं. संध्याकाळी."

खिडक्यांतली माणसं कर्ण्यांकडे बघायला लागली. या कर्ण्यांतून आलेला आवाज चुकू शकतो, हे सगळ्यांना कधीचंच ठाऊक होतं. तो तसं म्हणूही शकतो, हे कोणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खिडकी पूर्ण उघडली आणि वरून विचारलं, "संध्याकाळी म्हणजे किती वाजता?"

अधिकाऱ्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी खांदे उडवले.

"माहीत नाही," तो माइकमध्ये म्हणाला.

"बरं," म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि आत जाऊन, पुढचं ऐकायला, खुर्ची घेऊन आले.